केळीच्या कापणीच्या नोंदी गटात सगळ्यांना दिसाव्यात का? सामूहिक कामासाठी सॉफ्टवेअर रचताना पडलेला प्रश्न

तापीकाठ

नमस्कार. जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादकांच्या एका गटासाठी आम्ही तिघे मिळून मोबाइलवर चालणारी नोंदप्रणाली तयार करत आहोत. तिच्या रचनेतील एक प्रश्न आमचा आपसात सुटलेला नाही, म्हणून तो येथे सविस्तर मांडतो. शेती, सॉफ्टवेअर किंवा गटाने केलेले कोणतेही काम जवळून पाहिलेल्यांनी मोकळेपणाने लिहावे.

आधी काम कसे चालते ते सांगतो. बाग निसवली, म्हणजे झाडांतून घड बाहेर पडले, की हवामानानुसार साधारण तीन ते चार महिन्यांत घड कापणीला येतो. तयार झालेला माल फार दिवस झाडावर ठेवता येत नाही आणि कापलेला माल तर त्याच दिवशी गाडीत चढलेला बरा. त्यामुळे कोणाची बाग कधी कापायची, कापणी करणाऱ्या मजुरांची टोळी कोणत्या शिवारात आधी जाणार, ट्रक कोठे लागणार आणि त्या दिवशीचा भाव काय, या चारही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. आज ही माहिती विखुरलेली आहे. बागेचा अंदाज शेतकऱ्याच्या डोक्यात, टोळीचा हिशेब मुकादमाच्या खिशातील डायरीत, गाड्यांचे निरोप व्हॉट्सॲपवर आणि वजनाच्या पावत्या कार्यालयातील फाइलीत. एकाच सकाळी दोन शिवारांत एकाच टोळीची वाट पाहिली जाते आणि तिसऱ्या शिवारात ट्रक उभा राहून जातो, असे हंगामात वारंवार होते.

आमच्या प्रणालीत प्रत्येक बागेची एक नोंद आहे. तिच्यात जमिनीचा गट क्रमांक, मृगबाग (जून-जुलैची लागवड) की कांदेबाग (सप्टेंबर-ऑक्टोबरची लागवड) की पिलबाग (आधीच्या झाडांच्या पिलांपासूनची), निसवण सुरू झाल्याचा आठवडा, अंदाजे घड आणि अपेक्षित रास, म्हणजे घडाचे सरासरी वजन, एवढेच भरायचे. यावरून पुढच्या तीन-चार आठवड्यांत कोणत्या गावातून किती माल निघेल, याचा अंदाज गटाला मिळतो.

दूर बसलेल्या माणसांना एकाच मजकुरावर काम करता यावे ही कल्पना जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकन संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत केलेले प्रात्यक्षिक लोकांना माउससाठी आठवते, पण त्याच प्रात्यक्षिकात ते मेन्लो पार्कमधील सहकाऱ्यांबरोबर एका सामाईक पडद्यावर काम करत होते. म्हणजे यंत्राने हे साधते, हे तेव्हाच दिसले होते. तरीही गटासाठी बनवलेली सॉफ्टवेअर्स पडून का राहतात, याचे मला सर्वांत पटलेले उत्तर संगणक-संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये दिले आहे. त्यांचे म्हणणे असे, की अशा प्रणालींत नोंद करण्याचे कष्ट एकाला पडतात आणि फायदा दुसऱ्याला होतो. त्यांचे उदाहरण कार्यालयातील सामाईक दिनदर्शिकेचे होते. बैठक ठरवणाऱ्या साहेबाला ती सोयीची वाटते, पण त्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याने आपली दिनदर्शिका अद्ययावत ठेवावी लागते आणि त्यातून त्या कर्मचाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही.

आता प्रश्न. एका शेतकऱ्याने भरलेला घडांचा अंदाज गटातील इतर सर्वांना दिसावा की नाही? माझे मत दिसावा असे आहे, कारण सगळ्यांना सगळे दिसले तरच टोळीचा क्रम न्याय्य लागला यावर विश्वास बसेल. आमच्यातील एका सहकाऱ्याचा मात्र याला ठाम विरोध आहे.

कांदेबाग

मी सावद्याकडचा उत्पादक आहे. आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे असे मला वाटते आणि त्याचे कारण बागेत उभे राहिल्याशिवाय लक्षात येणार नाही.

व्यापारी भाव ठरवताना बऱ्हाणपूरच्या केळीबाजारातील भाव विचारतो, रास विचारतो, आणि तिसरी गोष्ट तो न विचारता काढून घेतो: या शेतकऱ्याचा माल किती दिवस थांबू शकतो. ज्याचा माल झाडावर पिकायला लागला आहे, त्याला आज मिळेल तो भाव घ्यावा लागतो. माझ्या बागेत अमुक इतके घड या आठवड्यात तयार आहेत ही माहिती गटातील साठ-सत्तर जणांच्या मोबाइलवर गेली, तर ती संध्याकाळपर्यंत व्यापाऱ्याच्या कानावर जाणार हे धरून चालावे. यात कोणी फितूर असण्याची गरज नाही. भाऊबंद आहेत, सोयरे आहेत, चहाच्या टपरीवर बोलणे होते.

म्हणून मी आकडा भरेन, पण कमी करून भरेन. माझ्यासारखे सगळेच तसे करतील. मग आपल्या प्रणालीत माहिती पुष्कळ जमेल आणि त्यातील एकही आकडा खरा नसेल. सर्वांना सर्व दाखवण्याच्या हट्टापायी माहितीच खोटी होत असेल, तर त्या पारदर्शकतेचा गटाला काय उपयोग?

तापीकाठ

आपला मुद्दा फार मोलाचा आहे. याच्याशी जुळणारा एक अभ्यास आठवतो. संशोधक वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी १९९२ मध्ये एका मोठ्या सल्लागार कंपनीत लोटस नोट्स हे सामाईक नोंदी आणि निरोपांचे सॉफ्टवेअर आल्यावर काय झाले ते नोंदवले. कंपनीची अपेक्षा होती की सल्लागार आपले ज्ञान एकमेकांना देतील. पण तेथे बढती वैयक्तिक स्पर्धेवर ठरत होती आणि नोंदी करण्यात गेलेल्या वेळेचे पैसे कोणत्याही ग्राहकाकडून घेता येत नव्हते. आपल्याकडचे खास ज्ञान दुसऱ्याला देणे म्हणजे स्वतःचे मोल कमी करणे, असा हिशेब लोकांनी केला आणि तो त्यांच्या जागी चुकीचा नव्हता. सॉफ्टवेअर चांगले होते, पण माहिती देणाऱ्याच्या हिताची व्यवस्था कोणीच लावली नव्हती.

मात्र माझी अडचण कायम आहे. आकडे झाकले, तर क्रम लावणाऱ्यावर पक्षपाताचा आरोप होणार. तो आज वहीच्या काळातही होतोच.

पांझराकाठ

पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेले आणि मूळ गाव साक्री तालुक्यातील, म्हणून थोडे वेगळ्या अंगाने लिहितो.

आपल्याच खानदेशात क्रम लावण्याचा हा प्रश्न पाण्याच्या बाबतीत फार पूर्वी सोडवला गेला आहे. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवरील फड पद्धत तीनशे ते चारशे वर्षांपूर्वीची मानली जाते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या आणि त्यांच्याखाली बारमाही बागायत, अशी तिची मांडणी. ही बागायत साधारणपणे चार फडांत विभागलेली असते. कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा हे दरवर्षी गाव ठरवते, आणि एका फडात एकच पीक घेतले जाते.

या शेवटच्या नियमाकडे आपण सर्वांनी लक्ष द्यावे असे मला वाटते. एका फडात एकच पीक असल्यामुळे कोणाला किती पाणी लागणार ही माहिती प्रत्येकाकडून वेगळी गोळा करावीच लागत नाही. ती नियमातच आलेली असते. पाणी सोडणारा पाटकरी लाभधारकांनीच नेमलेला असतो. त्याने कोणाचे शेत किती भिजवले हे शेजारच्या बांधावरून दिसते. म्हणजे तेथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. गरज किती, हे विचारत बसावे लागत नाही. पाळी कोणाची आणि ती पाळली गेली का, हे मात्र उघड्यावर असते.

आपल्या प्रणालीत घडांचा आकडा उघड करण्यापेक्षा पाळी उघड करावी. अमक्याची पाळी कोणत्या तारखेला लागली, तो क्रम कोणत्या नियमाने लागला आणि तो कोणी व केव्हा बदलला, एवढे सर्वांना दिसले तर पक्षपाताची शंका बरीच कमी होईल. आकडा फक्त पाळी लावणाऱ्याकडे असावा आणि तो पाळी लावणारा गटाने नेमलेला असावा.

सातपुड्याची लेक

मी धडगाव भागात अंगणवाडीच्या कामावर देखरेख करते. केळीचे मला काही कळत नाही, पण नोंदी भरणाऱ्या बायकांना मी रोज पाहते, म्हणून लिहिते.

आमच्या एका सेविकेचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पाडे डोंगरावर विखुरलेले. ती सकाळी बाळाचे वजन घेते आणि रजिस्टरमध्ये लिहिते. तेच वजन नंतर मोबाइलमध्ये भरते. पाड्यावर रेंज नसते, म्हणून भरलेले पुढे जात नाही. मग ती टेकडीवर जाऊन मोबाइल वर धरून उभी राहते. महिन्याच्या शेवटी तोच आकडा एका वेगळ्या तक्त्यात पुन्हा मागितला जातो. इतके करून त्या बाळाचे वजन तीन महिन्यांपासून वाढलेले नाही, हे मोबाइलने तिला आपणहून सांगितले तर तिचे कष्ट कारणी लागले असे तिला वाटेल. ज्या नोंदीतून तिला तिच्या कामात काही मिळते, ती नोंद ती न सांगता भरते. बाकीच्या नोंदी ती महिनाअखेरीला एका बैठकीत बसून आठवून भरते, आणि त्यासाठी मी तिला दोष देऊ शकत नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडची पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. लसीकरणाचा पुढचा डोस तिकडे द्यायचा असतो. त्या वेळी आईच्या हातातील कार्ड जितके उपयोगी पडते, तितकी दुसरी कोणतीही नोंद पडत नाही, कारण ते तिच्याबरोबर प्रवास करते आणि समोरच्या परिचारिकेला लगेच वाचता येते. दादा, आपल्या मुकादमाला आणि शेतकऱ्यालाही असे हातात राहणारे काहीतरी द्या. सगळे मोबाइलच्या पोटात गेले, तर ज्याच्याकडे चांगला मोबाइल नाही तो गटात असूनही बाहेरच राहील.

नोंदकर्ता

मूळचा भुसावळचा आणि व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंता आहे. ताईंनी रेंजचा विषय काढला, त्यावर लिहितो, कारण रचनेचा सर्वांत कठीण भाग तेथेच आहे.

एक प्रसंग घेऊ. बागेच्या नोंदीत १,२०० घड आहेत. जूनच्या वादळात काही झाडे आडवी होतात. वडील शेतात उभे राहून आकडा १,०५० करतात, पण शिवारात नेटवर्क नाही, म्हणून बदल त्यांच्या मोबाइलमध्येच राहतो. त्याच सुमारास मुलगा फैजपूरला बसून, फोनवर ऐकलेल्या माहितीवरून, आकडा १,१५० करतो. संध्याकाळी वडील घरी येतात आणि दोन्ही बदल सर्व्हरवर पोहोचतात. आता खरा आकडा कोणता?

पुष्कळ सॉफ्टवेअर्समध्ये शेवटी आलेला बदल ठेवून आधीचा पुसला जातो. मोबाइलचे घड्याळ पुढे-मागे असेल तर ‘शेवटी’ कोण आले हेदेखील चुकीचे ठरते. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये घड्याळावर विसंबून न राहता घटनांचा क्रम लावण्याची रीत सांगितली. प्रत्येक यंत्राने आपला एक चढता क्रमांक ठेवायचा आणि दुसऱ्याकडून निरोप आला की त्यातील क्रमांकाच्या पुढे आपला न्यायचा. त्याच विचाराचा पुढे विस्तार होऊन, दोन बदल एकमेकांची माहिती नसताना झाले आहेत हेही यंत्राला ओळखता येऊ लागले. असे ओळखले की दोन्ही आकडे नावांसह जपून ठेवावेत आणि ज्याची बाग आहे त्यालाच ‘यातील कोणता धरायचा’ असे विचारावे. येथे सॉफ्टवेअरने शहाणपणा करू नये.

कापलेल्या घडांची मोजणी मात्र आपोआप जुळवता येते. दोन टोळ्या एकाच बागेत असतील, तर प्रत्येक टोळीने फक्त आपली भर नोंदवायची आणि बेरीज यंत्राने करायची. कोणाची नोंद आधी पोहोचली याने बेरीज बदलत नाही. असे कोणत्याही क्रमाने एकत्र केले तरी एकच उत्तर देणारे माहितीचे साचे मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नीट मांडले, आणि आज अनेक सामाईक संपादकांत ते वापरले जातात.

परंतु ट्रकच्या जागेचे असे होत नाही. एका ट्रकमध्ये एकाच बागेपुरती जागा उरली असताना दोघांनी नेटवर्क नसताना ती धरली, तर कोणत्याही गणिताने ते दोघेही त्यात बसणार नाहीत. तेथे एकच ताबेदार लागतो. म्हणून निरीक्षणे कोणीही, कोठूनही, केव्हाही भरावीत. गाडीची जागा मात्र पाळी लावणाऱ्याने होकार दिल्यावरच पक्की समजावी, आणि तोपर्यंत पडद्यावर ‘मागणी पोहोचली’ किंवा ‘मागणी अजून तुमच्याच मोबाइलमध्ये आहे’ असे स्पष्ट दिसावे.

जळगावचा विद्यार्थी

सर, एक शंका आहे. हे सगळे व्हॉट्सॲपचा समूह आणि एक सामाईक तक्ता यांवर होणार नाही का? समूहात १,०२४ जण घेता येतात, सर्वांना ते वापरता येते आणि नवीन काही शिकवावे लागत नाही.

तापीकाठ

शंका योग्य आहे आणि आम्हीही सुरुवात तेथूनच केली. निरोपासाठी समूह उत्तम आहे आणि तो बंद करण्याचा आमचा विचार नाही. अडचण अशी, की समूहातील निरोप वाहून जातो. ‘उद्या टोळी आमच्याकडे’ हा निरोप सकाळच्या शुभेच्छांखाली दबला की दुपारी आलेल्या माणसाला तो सापडत नाही, आणि सापडला तरी नंतर तो रद्द झाला होता का हे कळत नाही. सामाईक तक्त्यात सद्यस्थिती दिसते, पण त्यात कोणाचाही हात कोठेही पडतो, आणि एकाच तक्त्यात एकाला एक रकाना व दुसऱ्याला दुसरा दाखवणे जिकिरीचे होते.

बोलणे आणि ठरलेली गोष्ट यांचे संबंध कसे ठेवावेत, याचा चांगला नमुना विकीत, म्हणजे वाचणाऱ्यांनाच पाने संपादित करता येणाऱ्या संकेतस्थळात, मिळतो. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. त्याच पद्धतीवर उभ्या असलेल्या विकिपीडियावर, २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरही, लेखाचे पान वेगळे आणि चर्चेचे पान वेगळे असते, आणि प्रत्येक जुनी आवृत्ती जपलेली असते. आमच्याकडेही बागेच्या नोंदीला तिचा इतिहास जोडलेला असेल. आकडा पुसला जाणार नाही, त्याच्यावर नवा आकडा येईल आणि खाली आधीचा, बदलणाऱ्याच्या नावासह, दिसत राहील.

कांदेबाग

इतिहास ठेवा, पण तोही सगळ्यांना दाखवू नका. मी आकडा तीनदा कमी केला हे दिसले तरी व्यापाऱ्याला पुरेसे होईल.

ताईंनी नोंद करणाऱ्याला काय मिळते हे विचारले, त्यावर शेतकऱ्याच्या बाजूने उत्तर देतो. मी निसवणीचा आठवडा भरला, तर मला त्याच संध्याकाळी कळले पाहिजे की माझी पाळी अंदाजे कोणत्या आठवड्यात लागते आणि त्या आठवड्यात गटाकडे एकूण माल फार आहे की कमी. एकूण मालाचा आकडा दाखवायला माझी हरकत नाही. त्यावरून मी पुढच्या पाण्याचे आणि खताचे नियोजन करू शकतो. माल पट्टीवर गेल्यावर रास, वजन आणि भाव मला त्याच नोंदीत मिळाले, तर वर्षअखेरीला मला वेगळी वही ठेवावी लागणार नाही. ई-पीक पाहणीचे उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकरी स्वतः पिकाची नोंद मोबाइलवरून करू लागले. त्यात कटकटी आहेत, पण सातबाऱ्यावर आपले पीक लागावे ही गरज शेतकऱ्याची स्वतःची आहे, म्हणून तो मोबाइल घेऊन बांधावर जातो.

बांधावरचा वकील

एक मुद्दा कोणी काढलेला नाही. गट फुटला, किंवा प्रणाली चालवणारे तिघे उद्या हे काम सोडून गेले, तर ही माहिती कोणाची? वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि संमती कशासाठी घेतली हे स्पष्ट सांगणे हा त्याचा गाभा आहे. बागेचा अंदाज पाळी लावण्यासाठी घेतला असेल, तर तोच खतविक्रेत्याला किंवा कर्ज देणाऱ्याला देता येणार नाही, असे गटाच्या ठरावातच लिहून घ्या. सभासद बाहेर पडताना त्याच्या सर्व नोंदी त्याला उघडता येतील अशा साध्या फाइलमध्ये मिळाव्यात. हे सॉफ्टवेअर तयार होण्याच्या आधी ठरवणे सोपे जाते, कारण नंतर प्रत्येक बदलाला कोणाचा तरी विरोध असतो.

तापीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या तिघांची काल या चर्चेवर बैठक झाली. त्यात जे ठरले ते लिहितो आणि त्यावरही मत द्यावे अशी विनंती करतो.

घडांचा अंदाज फक्त बागेचा मालक आणि गटाने ठरावाने नेमलेला पाळी लावणारा, या दोघांनाच दिसेल. त्याचा इतिहासही या दोघांपुरताच राहील. गावनिहाय एकूण माल सर्वांना दिसेल, पण एखाद्या गावात दोन-तीनच बागा असतील तर एकूण आकड्यावरूनही कोणाचा माल किती हे ओळखता येते, म्हणून असे गाव शेजारच्या गावात मिळवून दाखवले जाईल. पाळीचा क्रम, तो लावण्याचा नियम आणि क्रमात झालेला प्रत्येक बदल कारणासह सर्वांना दिसेल. रोगामुळे किंवा वादळामुळे पाळी पुढे घेतली, तर तेही कारण लिहावेच लागेल. कारणाचा रकाना रिकामा ठेवून बदल पक्का होणार नाही.

ट्रकच्या जागेबाबत नोंदकर्ता यांनी सांगितलेली रीत घेतली आहे. मुकादमाला मात्र टंकलेखन करावे लागू नये, म्हणून त्याच्यासाठी बोलून नोंद करण्याची सोय ठेवली आहे. ती नोंद ऐकून कार्यालयातील माणूस आकडा भरेल आणि मूळ आवाज आकड्याला जोडलेला राहील. त्याने सांगितलेल्या घडांवरून टोळीची मजुरी त्याच संध्याकाळी त्याला कळेल. मला वाटते, हीच गोष्ट त्याला रोज नोंद करायला लावील.

ताईंच्या सूचनेवरून दररोज सायंकाळी दुसऱ्या दिवसाच्या पाळ्यांचा कागद छापून संकलन केंद्राच्या फळ्यावर लावला जाईल, आणि माल दिल्यावर प्रत्येक सभासदाला छापील पावती मिळेल.

पांझराकाठ

पाळी लावणाऱ्याची मुदत ठरवली आहे का? एकाच माणसाकडे सर्वांचे आकडे वर्षानुवर्षे राहणे बरे नाही.

तापीकाठ

एका बागेच्या हंगामापुरती नेमणूक करावी असा प्रस्ताव आहे. मुदत संपली की जुन्या आकड्यांवरचा त्याचा अधिकार आपोआप बंद होईल. नव्या माणसाला फक्त चालू बागांचे आकडे दिसतील.

कांदेबाग

असे असेल तर माझ्या भागातील चार-पाच जणांना मी येत्या कांदेबागेसाठी विचारतो. पाळी लावणारा मात्र ज्याची स्वतःची बाग त्या हंगामात कापणीला येणार नाही असाच निवडावा, ही एक अट ठरावात घाला.

तापीकाठ

घालतो. ठरावाचा मसुदा या आठवड्यात येथेच टाकतो. वकीलसाहेबांनी तो एकदा नजरेखालून घालावा.